उन्हाळ्यातला बेरोजगारी भत्ता: कॅलिफोर्नियातल्या पार्टटाइम प्राध्यापकांसाठी

मे-जूनमध्ये सेमिस्टर संपतं, पुढचं ऑगस्टमध्ये सुरू होतं, आणि मधे कम्युनिटी कॉलेजच्या पार्टटाइम प्राध्यापकाला पगार नाही. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची सुट्टीत जी गत होते, तीच. फरक एवढाच, की कॅलिफोर्नियात या काळासाठी बेरोजगारी भत्ता मागता येतो. बरेच जण मागतच नाहीत, आणि मागितला तरी एका 'हो'पायी घोडं अडतं.

नियम असा: पुढच्या सत्रात काम मिळण्याची 'रीझनेबल अश्युरन्स', म्हणजे वाजवी हमी असेल, तर शिक्षकाला दोन सत्रांमधल्या सुट्टीत भत्ता नाही. फॉलच्या, म्हणजे ऑगस्टपासूनच्या सत्रातल्या वर्गांचं पत्र हातात असतं, म्हणून 'अशी हमी आहे का?' या ईडीडीच्या (भत्ता देणाऱ्या राज्य खात्याच्या) प्रश्नाला माणूस सरळ 'हो' म्हणून मोकळा होतो. पण ते पत्र शेवटपर्यंत वाचा. खाली बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं, की ही नेमणूक पुरेशी पटसंख्या, निधी आणि कॉलेजची गरज यांवर अवलंबून आहे. वर्ग भरला नाही तर रद्द. भरला, पण एखाद्या फुलटाइम प्राध्यापकाचा वर्ग कमी पडला, तर तुमचा वर्ग त्यांच्याकडे जाऊ शकतो. याला हमी कोण म्हणेल?

कोर्टानेही म्हटलं नाही. 1989 च्या सर्व्हिसी (Cervisi) खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की पटसंख्या वा निधीच्या अटीवर दिलेलं काम ही वाजवी हमी नव्हे. तेव्हा उत्तर 'नाही', आणि कारणाच्या जागी आपल्या पत्रातली अट जशीच्या तशी, सोबत सर्व्हिसीचं नाव. काम का थांबलं, याचं उत्तर 'काम संपलं' असं द्या. 'समर ब्रेक' लिहिलंत की संशयाला जागा मिळते. मात्र पत्र खरोखर बिनशर्त असेल, तर हा मार्ग तुमचा नाही. खोटी माहिती देऊन घेतलेले पैसे 30 टक्के दंडासह परत करावे लागतात.

शेवटचा वर्ग किंवा परीक्षा झाली, की त्याच आठवड्यात अर्ज करा. गेल्या 18 महिन्यांतली सगळी कॉलेजं लिहा, एकही गाळू नका. पहिला आठवडा बिनभत्त्याचा जातो. आठवड्याचा भत्ता 40 ते 450 डॉलर. ढोबळ हिशेब म्हणजे आधारवर्षातल्या (ज्या वर्षाच्या कमाईवर भत्ता ठरतो, त्यातल्या) सर्वांत जास्त कमाईच्या तिमाहीतल्या कमाईला 26 ने भागा.

दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करावं लागतं, म्हणजे त्या आठवड्यांतलं काम आणि कमाई ईडीडीला कळवावी लागते, आणि गफलत इथेच होते. कमाई दाखवायची ती ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्याची, कापाकापीआधीची. मेमध्ये शिकवल्याचा चेक जूनमध्ये आला तर ती जूनची कमाई नव्हे. समरला एखादा वर्ग मिळाला तरी भत्ता पूर्ण बुडत नाही: 25 डॉलर किंवा कमाईचा चौथा हिस्सा, यांतलं जे जास्त ते सोडून उरलेलं वजा होतं. भत्ता 400 आणि कमाई 200 असेल, तर 50 सोडून 150 वजा, हातात 250.

नकाराचं पत्र आलं तर गडबडून जाऊ नका, पण गप्पही बसू नका. पत्र पाठवल्याच्या तारखेपासून 30 दिवसांत अपील करा. अपील चालू असतानाही सर्टिफाय करत राहा. नाहीतर जिंकूनही त्या आठवड्यांचे पैसे अडकतात. सुनावणीला नेमणूकपत्र, युनियनच्या करारातलं कलम आणि पूर्वी रद्द झालेल्या वर्गांचे ईमेल जवळ ठेवा.

ग्रीन कार्डच्या रांगेतल्या मराठी मंडळींना 'पब्लिक चार्ज'ची, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा असा शिक्का बसण्याची धास्ती असते. हा भत्ता त्यात धरला जात नाही. मात्र कमाईच्या काळात आणि अर्जाच्या वेळी, दोन्हीकडे कामाची परवानगी चालू हवी.

डिसेंबरच्या सुट्टीतही हाच नियम. मेमधल्या क्लेमचं वर्ष तेव्हा चालूच असतं, म्हणून नवा अर्ज नको. तोच रीओपन करा. बिनभत्त्याचा आठवडा पुन्हा कापला जात नाही.