द्या की, काय बिघडतंय

डिसेंबरातली संध्याकाळ, गळिताचा हंगाम. फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या रस्त्यावर दोन ऊसट्रॉल्यांच्या मागं अडकले होते. पुढच्या ट्रॅक्टरवर गाणी इतक्या मोठ्यानं चाललेली की पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते तिसऱ्या खेपेला कळलं. "मॅडम, आमची ज्युली पिसाळलीया. पोरं लांब केल्यात. येताय न्हवं?"

घर माहितीचं. पलूस तालुक्यातलं, दावणीला अकरा म्हशी आणि सात गाई, त्यामुळं आठवड्यातून एक फेरी तरी तिथं होतेच. ज्युलीही माहितीची. पांढरी शुभ्र, सव्वासात किलोची. गावात तिला पामेरियन म्हणतात. त्या नावानं आपल्याकडं विकली जाणारी बहुतेक कुत्री खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, पण हा वाद घालायचं मी कधीच सोडून दिलंय.

"व्याली होती ना ती? किती दिवस झाले?"

"अठरा. पाच पिल्लं हायत."

अठरा दिवस आणि पाच पिल्लं म्हटल्यावर निम्मं निदान गाडीतच झालं. तरी पिसाळल्याचा शब्द कानावर पडला की तो सोडून देता येत नाही. हातमोजे काढून शेजारच्या सीटवर ठेवले.

पोचले तर अंगणात आठ-दहा माणसं, दोघांच्या हातात काठ्या. शेजारचे एक आजोबा सांगत होते की असल्या जनावराला बांधून घालायचं आणि लांबनं काय ते उरकून टाकायचं. ज्युली वैरणीच्या खोलीत कडब्याला टेकून पडलेली. चारी पाय खुर्चीच्या पायांसारखे ताठ. तोंडातून लाळ, जीभ जांभळट लाल, धाप अशी की बरगड्या मोजाव्यात. पण मला आजही डोळ्यांपुढं दिसतात ते तिच्या अंगावरचे केस. खोलीत वारा नव्हता आणि केस हलत होते. कातडीखाली प्रत्येक स्नायू आपापला थरथरत होता.

आधी लसीचं कार्ड मागितलं. रेबीजची लस जूनमध्ये मीच दिली होती. मग डोळ्यांत टॉर्च मारला. उसाच्या पट्ट्यात कीटकनाशक पोटात जाऊन थरथरणारी, लाळ गाळणारी कुत्री नेहमी येतात. त्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हिच्या चांगल्या मोठ्या होत्या. थर्मामीटर लावला तर १०७.२. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. एवढा ताप जंतूंचा नव्हता, स्नायूंचा होता. थांबता न येणारी थरथर शरीराला आतून भाजून काढते.

रक्तातलं कॅल्शियम घसरलं होतं. गाईला व्यायल्यावर होतो तो दुग्धज्वर गोठ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. गाय गार पडते, लुळी होते, मान पोटाशी वळवून बसून राहते. कुत्रीमध्ये तीच तूट उलटं रूप घेऊन येते, ती ताठते आणि पेटते. गाईला बहुतेक वेळा व्यायल्यापासून दोन-तीन दिवसांत होतं, कुत्रीला बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, पिल्लं वाढून दूध जोरात उतरायला लागलं की. लहान चणीची कुत्री आणि पिल्लं जास्त, हा तर ठरलेला मेळ.

"मग गाडीत म्हशीची बाटली हाय न्हवं, ती लावा की," घरातले थोरले, वहिनींचे सासरे म्हणाले. कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली डिकीत होतीच. पण ती म्हशीच्या मापाची. सव्वासात किलोच्या जिवाला लागणार होतं दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, जेमतेम दीड चमचा, आणि तेही पंधरा-वीस मिनिटं घेऊन. घाईनं सोडलं तर हृदयच थांबतं. माझ्या पेटीत दहा मिलीची एकच काचेची कुपी निघाली. पोराला मोटरसायकलवर मेडिकलमध्ये पिटाळलं, आणखी दोन आणायला.

थरथरत्या पायात शीर सापडायला तीन प्रयत्न लागले. पाय धरला होता धाकट्या सुनेनं, वहिनींनी. बाकीचे उंबऱ्याबाहेर. कानात स्टेथोस्कोप, एका हातात सिरिंज, नजर घड्याळावर. अर्धा मिली, थांबायचं, ठोके ऐकायचे, परत अर्धा मिली. पाचव्या मिलीच्या आसपास ठोके एकदम संथ वाटले. मी हात काढून घेतला. दीड मिनिट कुणी बोललं नाही, बाहेरनं ट्रॉलीवरचं गाणं तेवढं येत होतं. ठोके सावरले, पुन्हा सुरू केलं. बाराव्या मिनिटाला जबडा सैल पडला. मग ज्युलीनं लांबलचक जांभई दिली आणि माझ्या मांडीवर मुतली. नाडी, श्वास, सगळं तपासलं मी नंतर, पण बरं वाटलं ते त्या ओल्या सलवारीनंच.

ओल्या फडक्यानं पुसत आणि पंखा लावून ताप १०३वर आणला आणि तिथंच थांबले, नाहीतर पुढं जनावर गार पडतं. यात कधी कधी साखरही उतरते म्हणून सासऱ्यांचं शुगर तपासायचं मशीन मागून घेतलं. ८४ आली. ठीक होती.

आता चहा. वहिनींनी न सांगता ओट्यावर सगळं आणून मांडलं. ज्युलीला काय काय दिलं, ते. गुरांच्या पातळ कॅल्शियमची एक लिटरची बाटली, तळाशी दोन बोटं राहिलेली. कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या कॅप्सूल. केस चमकावेत म्हणून ऑनलाइन मागवलेला डबा, त्यावर लांब केसांचं विलायती कुत्रं. आणि आशाताईंकडनं आलेल्या लोहाच्या लाल गोळ्या. वहिनींची मुलगी दीड वर्षाची, त्यांच्या वेळच्या उरलेल्या.

"मला नऊ महिने गोळ्या दिल्या की सरकारनं," त्या म्हणाल्या. "१८० लोहाच्या, वर कॅल्शियमच्या रोज दोन. म्हटलं, ही बी गाभणच. तिला कोण देणार?"

यावर हसण्यासारखं काही नव्हतं. हिशोब प्रेमाचाच होता, फक्त दुसऱ्या शरीराचा. बाईला नऊ महिने आणि बहुधा एक मूल. कुत्रीला नऊ आठवडे, ६३ दिवस, आणि पाच-सहा पिल्लं. त्यातले पहिले पाच आठवडे पिल्लं इतकी बारीक असतात की आईचा खुराकही फारसा वाढवावा लागत नाही. वजन धरतात ती शेवटच्या तीन आठवड्यांत. आणि खरी लूट व्यायल्यानंतर, दुधातून.

"कॅल्शियम कधीपासनं दिलं?"

"क्रॉस केल्यापासनं. सकाळ-संध्याकाळ. व्याल्यावर बंद केलं. मामी म्हणाल्या, बाळंतिणीला थंड बाधतंय, पिल्लांना हगवण लागंल."

म्हणजे लागत नव्हतं तेव्हा नऊ आठवडे भरपूर, आणि लागायला लागलं त्या दिवशी बंद. याहून नेमकं उलटं वेळापत्रक मला मुद्दाम बसूनही आखता आलं नसतं.

"कुणी सांगितलं हे द्यायला?" माझा आवाज जरा चढलाच असावा.

वहिनींनी कप खाली ठेवला. "तुम्हीच म्हणालात की, मॅडम."

मला आठवेना. मग आठवलं. ऑक्टोबर. मी याच गोठ्यात, खांद्यापर्यंत हातमोजा, हात गाईच्या आत, गाभण आहे का बघत होते. दारातून वहिनींनी विचारलं होतं, ज्युली गाभण हाय, कॅल्शियम देऊ का? आणि मी मानही न वळवता म्हटलं होतं, द्या की, काय बिघडतंय.

शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकताना हे मी पाठ केलेलं. गळ्यात चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या हाडांतून उपसा सुरू करतात. शरीरातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम हाडांत, तेव्हा साठा भरपूर. पण बाहेरनं रोज ओतत राहिलं तर ग्रंथी सुस्तावतात, आणि दूध उतरल्यावर एकदम मागणी आली की त्यांना वेळेवर जाग येत नाही. मी हे ओट्याला टेकून सांगत होते, तर सासरे मधेच म्हणाले, "म्हंजे गाईसारखंच की! आटवलेल्या गाईला शेवटचं वीस दिवस कॅल्शियम बंद करा म्हणून तुम्हीच आमच्या मागं लागता." आणि पुढं, "कॅनॉलला पाण्याचं आवर्तन चालू असलं की हिरीची मोटर कोण बघतंय? कॅनॉल बंद झाला की बटन दाबायला जावं तर मोटर गंजल्याली."

माझ्या पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा हे बरंच सरळ होतं. तेव्हापासून मीही सगळ्यांना असंच सांगते.

मग एकेक बाटली हातात घेतली. कॉड लिव्हर ऑइलमध्ये अ जीवनसत्त्व भरपूर, आणि गाभणपणात ते जास्त झालं तर पिल्लं फाटक्या टाळूची निघू शकतात. ज्युलीची पाचही पिल्लं मी उलटी करून तोंडात बोट घालून बघितली, टाळू धड होत्या. वहिनींनी कॅप्सूल चारच दिवस दिल्या होत्या, वासामुळं ज्युलीनंच थुंकल्या. शहाणी. लोहाच्या गोळ्या रक्त तपासल्याशिवाय नाहीत, आणि डबा खाली राहिला आणि कुत्र्यानं फोडला तर जीव जातो, तेव्हा आधी कपाटात. फॉलिक ॲसिडची गोष्ट वेगळी. पग, फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत फाटक्या टाळूचं प्रमाण जास्त, तिथं ते देतात, पण मेटिंगच्या आधीपासून. टाळू महिन्याभरातच जुळून जाते, नंतर देऊन काय उपयोग? चमकीच्या डब्यात मासळीचं तेल आणि बायोटिन होतं. नुकसान नाही, पण त्या पैशांत महिन्याची अंडी आली असती.

जे द्यायला हवं होतं ते मात्र ओट्यावर नव्हतंच. जंताचं औषध. आईच्या अंगातले गोल जंत पोटातल्या पोटातच पिल्लांत उतरतात, आणि त्या पाचांची पोटं टरटरीत फुगलेली होती.

ज्युलीच्या ताटात काय असतं, हा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारला. खरं तर तो ऑक्टोबरात विचारायचा होता. भाकरी-दूध, रविवारी कोंबडीचं मटण, हाडं काढून. भाकरी आणि मांस दोन्हींत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. कुत्रीला कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण सव्वास एक, फार तर दोनास एक लागतं. पिल्लांसाठी म्हणून मिळणारं चांगलं तयार खाद्य तिला गाभणपणाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून हळूहळू चालू केलं असतं, तर त्यात हे प्रमाण बसवलेलंच असतं आणि यातली एकही बाटली लागली नसती.

पिल्लं चोवीस तास आईपासून तोडायची होती. घरात दुधाच्या किटल्या भरलेल्या आणि पिल्लांना द्यायला दूध नाही, अशी गंमत. गाईचं दूध कुत्रीच्या दुधापुढं पाणीच, त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं दोन्ही निम्म्याहून कमी. पिल्लांची पावडर सकाळी सांगलीहून येणार होती. तेवढी रात्र म्हशीच्या दुधात अंड्याचा पिवळा बलक फेटून चालवली. थोरली नात पिल्लाला बाळासारखं उताणं मांडीवर घेऊन पाजायला बसली होती. मी ते पालथं केलं, मान जराशी वर. उताणं पाजलं तर दूध छातीत जातं. तिनं मग पाचही तशीच पाजली, एकेकाला नावं ठेवत.

दुसऱ्या दिवशी वहिनींना नवीन चिठ्ठी दिली. कॅल्शियमच्या ५०० मिलीग्रॅमच्या गोळीची पाव गोळी, दिवसातून तीनदा, खाण्याबरोबर, दूध तुटेपर्यंत. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "काल हेच बंद करायला पायजे होतं, आज हेच द्यायचं?"

"हो. आता मोटर चालू होईस्तोवर टँकर."

पिल्लं तिसऱ्या आठवड्यातच भिजवलेल्या खाद्यावर आणली. ज्युलीला पुन्हा थरथर आली नाही. मात्र एकदा झालेल्या कुत्रीला पुढच्या वेतात परत होण्याची भीती असते, म्हणून मी ऑपरेशन सुचवलं. सासऱ्यांना ते पटलेलं नाही. पिल्लाला चार-चार हजार आले होते आणि पाचांपैकी चार पिल्लं महिन्याभरात विकली गेली. बघू म्हणाले. मी दर फेरीला विषय काढते, ते दर फेरीला बघू म्हणतात.

शेवटच्या तपासणीला त्यांनी पैशांचं विचारलं. रात्रीची फेरी, पुढच्या तीन भेटी, सगळं धरून सांगा म्हणाले. मी तीन कुप्या आणि जंताच्या औषधाचे तेवढे सांगितले.

"एवढंच? मॅडम, लई मोठं मन तुमचं."

वहिनी चुलीपाशी दूध तापवत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि माझ्या चहात साय जरा जास्तच घातली.