तळ्यात की मळ्यात

दोन वर्षांपूर्वी बाबांचा दहावा ओंकारेश्वरला केला. मी ओल्या धोतरात, डोक्याचा चकोट केलेला, हातात दर्भ. पिंड ठेवला, शेजारी पत्रावळीवर बाबांना आवडायची म्हणून बाकरवडी. काका आधीच तयारीत होते, कावळा नाही आला तर काय काय बोलायचं, आईला सांभाळीन म्हण, बहिणीकडे लक्ष देईन म्हण वगैरे. आणि झालं काय, आम्ही मागे सरलो न सरलो तोच कावळा शिवला! अर्धा मिनिट पण नाही.

सगळे खूश. "काही इच्छा राहिली नव्हती बघ, तृप्त गेला." आणि मला, ज्याचा या कशावरच धड विश्वास नाही त्याला, चक्क वाईट वाटलं. आमच्यात काहीच अडकलं नव्हतं का त्यांचं? कावळ्याला बाकरवडी दिसली, तो आला, एवढंच असेल हे कळत होतं, तरी.

घरी आल्यावर आत्याला म्हटलं, मी नास्तिक नाही गं, अज्ञेयवादी आहे, देव-आत्मा आहे की नाही ते माहीत नाही म्हणणारा. "म्हणजे तळ्यात-मळ्यात!" तिने एका फटक्यात निकाल लावला. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आजही फार चांगलं सुचत नाही.

पण मला तरी हे तळ्यात-मळ्यात वाटत नाही. अज्ञेयवादीला इंग्रजीत 'अ‍ॅग्नॉस्टिक' म्हणतात, तो शब्द 1869 मध्ये थॉमस हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने काढला, डार्विनची बाजू घेऊन भांडणारा तोच तो. शब्दापेक्षा त्याच्या नऊ वर्षं आधीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. 1860 च्या सप्टेंबरमध्ये त्याचा थोरला मुलगा स्कार्लेट फिव्हरने गेला, चार वर्षांचाही नव्हता. चार्ल्स किंग्जली नावाच्या धर्मोपदेशक मित्राने सांत्वनाचं पत्र पाठवलं. उत्तरात हक्सलीने लिहिलं की आत्मा अमर आहे असं मी म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही, मानायला मला कारण दिसत नाही पण खोटं ठरवायला माझ्याकडे साधनही नाही. पोटचं पोर गेल्यावर 'भेटेल पुन्हा' म्हणणं किती सोपं गेलं असतं राव. तेही न म्हणणं याला तळ्यात-मळ्यात कसं म्हणायचं?

आणि हे काही साहेबाचंच खूळ नाही हां. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त घ्या, सृष्टी कुठून आली हे विचारत विचारत शेवटच्या ऋचेत येऊन थांबतं ते, परम आकाशातून हे सगळं पाहणारा जो आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल! आत्याला हे ऐकवलं तर म्हणाली, वेदातलं असेल तर बरोबरच असणार. (तिच्याशी वाद घालणं मी सोडलंय.)

यंदा पितृपक्षात आईने गच्चीवर पान ठेवलं. अळूवडी, खीर, वडे, सगळं. कावळा फिरकलाच नाही, आमच्या सोसायटीत आता कबुतरंच जास्त, त्यांनीच चिवडून टाकलं. मला वाटलं आई खट्टू होईल. ती कठड्याला टेकून बघत राहिली आणि मग विचारलं, "पोचत असेल का रे त्यांना?"

"माहीत नाही गं."

"मला तरी कुठं माहितीये," म्हणाली, आणि खाली कुकरची शिट्टी झाली म्हणून उतरून गेली.