आई-बाबांसोबत पॅरिस, इंटरलाकेन, व्हिएन्ना आणि शेंगेन व्हिसातली दिवसांची मोजणी

नोव्हेंबर २०२५ मध्ये आई-बाबांना घेऊन शेंगेन व्हिसावर युरोपला जाऊन आलो (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट म्हणजे शेंगेन). तीन रात्री पॅरिस, पाच इंटरलाकेन, तीन व्हिएन्ना. लाउटरब्रुनेनला कड्यावरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा बघताना बाबा म्हणाले, "माळशेजची आठवण झाली रे." त्या क्षणासाठी केलेली सगळी कागदपत्रांची धावपळ सार्थकी लागली. पण ती धावपळ नीट केली नसती तर आम्ही पार्ल्यातच बसलो असतो, म्हणून आधी तिच्याबद्दल.

एका मित्राने सांगितलं होतं, "ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळेल तिथे अर्ज टाक." कृपया असं करू नका. ज्या देशात जास्त दिवस राहणार, अर्ज त्याच देशाकडे करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. आमच्या पाच रात्री स्वित्झर्लंडमध्ये, त्यामुळे उतरणार पॅरिसला असूनही अर्ज स्वित्झर्लंडकडे. (स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, शेंगेनमध्ये मात्र आहे. आयर्लंडचं नेमकं उलट.)

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णय सहसा पंधरा दिवसांत येतो, पण नियमाप्रमाणे तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला व्हिसा केंद्रात गेलो. पाऊस होता, सगळे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. फी माणशी ९० युरो (११ जून २०२४ च्या आधी ८० होती), ज्येष्ठांना सवलत नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे.

खरा घोळ नावांचा झाला. आईच्या पासपोर्टवर तिचं नाव, बाबांचं नाव, आडनाव असं पूर्ण आहे. बँकेत नुसतं नाव-आडनाव. विमा एजंटने बँकेतलं बघून पॉलिसी काढली होती. ती बदलून घेतली. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला हवा. तुमच्याही आई-वडिलांची कागदपत्रं आजच शेजारी शेजारी ठेवून बघा.

मग आईच्या बोटांचे ठसे. इतकी वर्षं भांडी घासून, पीठ मळून रेषा झिजलेल्या. चार वेळा मशीनवर हात ठेवायला लागला, ती कावरीबावरी झाली. तिथल्या मुलीने ओल्या कापडाने बोटं पुसून अगदी शांतपणे पुन्हा घेतले. ज्येष्ठांसोबत असाल तर घाईची वेळ घेऊ नका. एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात, त्या काळात पुन्हा अर्ज केलात तर सहसा परत द्यावे लागत नाहीत.

पासपोर्ट हातात आला तेव्हा स्टिकरवर २ ते २८ नोव्हेंबर होतं. बाबा खूश, "अठ्ठावीसपर्यंत राहता येईल की!" नाही. त्याच स्टिकरवर मुक्कामाचे दिवस लिहिलेले असतात, आमचे १२. उरलेले पंधरा दिवस प्रवास पुढेमागे झाला तर म्हणून असतात. आत राहायचं ते बारा दिवसच, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरला जातो. आमचे २ ते १३ बरोबर बारा झाले. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर तोही दिवस मोजा. मुंबईहून जातानाही हेच: विमान २ तारखेला पहाटे पावणेदोनचं, म्हणजे टी-टूवर पोचायचं १ तारखेच्या रात्री. फॉर्ममध्ये मी आधी १ तारीख लिहिली होती, सही करण्याआधी लक्षात आलं.

स्टिकरवर प्रवेश किती वेळा तेही बघा. एकच असेल आणि मध्ये शेंगेनबाहेर लंडनला गेलात, तर परत पॅरिसला येता येणार नाही. शिवाय लंडनचा व्हिसा वेगळा.

इमिग्रेशन पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं. फ्रँकफर्टला विमान बदलून व्हिएन्नाला जाणार असाल तर फ्रँकफर्टला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने तिथे चेहऱ्याचा फोटोही घ्यायला लागले आहेत, त्यामुळे पुढच्या विमानासाठी मध्ये तीन तास तरी ठेवा. परतीचं तिकीट, हॉटेलची बुकिंगं, विमा यांच्या प्रती हातातल्या बॅगेत असू द्या. आम्हाला पॅरिसला विचारलं ते बाबांनाच: किती दिवस, कुठे कुठे? त्यांनी बोटांवर मोजून तिन्ही गावांच्या रात्री सांगितल्या.