मागे कसं जायचं

अँड्रॉइड की आयफोन असं विचारलं की लोक लगेच कॅमेरा, बॅटरी, सिक्युरिटीवर घसरतात. ते सगळं खरंही असेल, पण सकाळी उठल्यापासून आपण फोनवर जे काही करतो त्यात आता या दोघांत फरक असा राहिलाय कुठे? व्हॉट्सॲप तेच, भाजीवाल्याला यूपीआयने पैसे द्यायचे तेही तसेच, ओटीपी तर दोन्हीकडे न मागता पुढ्यात येऊन उभा राहतो. मला विचाराल तर रोजच्या वापरात एकच फरक उरलाय, चुकून कुठेतरी शिरलो तर तिथून मागे कसं यायचं.

अँड्रॉइडला बॅक पहिल्यापासून आहे. 2008 ला पहिला अँड्रॉइड फोन आला, एचटीसी ड्रीम, त्यावर बॅकचं खरंखुरं दाबायचं बटण होतं. आयफोन त्याच्या आदल्या वर्षीचा, आणि त्याच्या तोंडावर बटण एकच, होम. म्हणजे काही झालं तरी ते दाबा आणि थेट घरी या. एक पाऊल मागे जायचं असेल तर ते ज्या त्या ॲपने बघायचं, बहुतेक वेळा वर डाव्या कोपऱ्यात बाण देऊन. तेव्हा स्क्रीन साडेतीन इंचाची होती, अंगठा आरामात कोपऱ्यात पोचायचा, त्यामुळे कोणाची तक्रारही नसणार. मग 2014 ला आयफोन 6 प्लस आला साडेपाच इंचाचा, आणि तो बाण अंगठ्याच्या हद्दीबाहेर गेला. यावर ॲपलने काय केलं, तर होम बटणाला दोनदा हलकं टॅप करायचं की सगळी स्क्रीनच खाली घसरत येते! बाण खाली आणला नाही, स्क्रीन आणली. हुशारी म्हणा नाहीतर हट्ट, मला तरी हट्टच वाटतो.

तसं डाव्या कडेवरून बोट ओढलं की मागे जाता येतं आयफोनवर, 2013 पासून आहे ते. पण सगळीकडे नाही. काही पानं खालून वर येतात ती खाली ढकलायची, उघडलेला फोटो पण खाली ओढायचा, कुठे फुली असते तर कुठे 'डन' लिहिलेलं असतं. आपल्याला हे कोणी शिकवलेलं नसतं, हाताला आपोआप कळत जातं, म्हणून आपल्याला वाटतं किती सोप्पंय.

आईला विचारा सोप्पंय का. दादाने स्वतः नवीन घेतला म्हणून त्याचा जुना आयफोन तिला दिला, आधीचा तिचा सॅमसंग होता ज्यात बॅक खाली उजवीकडे. आता ग्रुपवर कोणाच्या तरी नातवाचा फोटो उघडला की ती त्यात अडकते. "अगं यातून बाहेर कसं पडू?" मग तिने तिचा उपाय काढला, सरळ होमवर जायचं आणि व्हॉट्सॲप नव्याने उघडायचं. उघडलं की समोर परत तोच नातू. ॲप जिथे सोडलं तिथेच उघडतं ना, आपल्या दृष्टीने ती सोय आहे आणि तिच्या दृष्टीने फोन हट्टाला पेटलाय. दादा म्हणतो सवय होईल. होईलही, पण सॅमसंगवर ती सेटिंगमध्ये सुद्धा बिनधास्त शिरायची, रिंगटोन बदलायची, फॉन्ट मोठा करायची, कारण काहीही दाबलं तरी खालचं बटण दाबत राहिलं की आपण परत ओळखीच्या जागी येतो हे तिला पक्कं माहीत होतं. आयफोनवर ती फोन, व्हॉट्सॲप आणि यूट्यूब सोडून कशाला हात लावत नाही.

आता अँड्रॉइडचं बॅक म्हणजे अगदी सरळ मनाचं आहे अशातला भाग नाही. सॅमसंगचं उजवीकडे, मोटोरोलाचं डावीकडे, त्यामुळे दुसऱ्याचा फोन हातात घेतला की आधी दोनदा चुकीचं दाबलं जातं. (नोकियाच्या बऱ्याच साध्या फोनवर 'बॅक' उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, आपल्या पिढीला उजवंच बरं वाटतं ते बहुतेक त्यामुळे.) कीबोर्ड उघडा असेल तर पहिल्यांदा दाबल्यावर नुसता कीबोर्ड जातो. काही ॲप म्हणतात बाहेर पडायला परत एकदा दाबा. आणि पैसे भरताना तर चक्र गोल गोल फिरत असतं, खाली लिहिलेलं असतं बॅक दाबू नका, दुकानदार आपल्याकडे बघतोय आपण त्या चक्राकडे बघतोय, आणि नेमका तेव्हाच अंगठा त्या बटणावर जायला शिवशिवतो.

त्यात 2019 ला अँड्रॉइड 10 मध्ये गुगलने नवीन पद्धत आणली, डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढलं की बॅक, बटणांची गरजच नाही. मला आवडलं ते, एका हाताने होतं. पण फोटो क्रॉप करायला कडेचा कोपरा पकडावा तर कधीकधी अख्खं पानच मागे जातं. बाबांनी एक दिवस सहन केलं आणि मला सेटिंगमधून ती खालची तीन बटणं परत आणायला लावली.

त्यामुळे आईबाबांसाठी कुठला फोन घेऊ असं कोणी विचारलं तर मी रॅम वगैरे सांगतच नाही, सध्याचा कुठला आहे आणि त्यात बॅक कुठे आहे ते विचारते, आणि तसाच घे म्हणते. नवीन अँड्रॉइडमध्ये तर बोट न उचलता जरासं ओढलं की मागे काय आहे त्याची झलक दिसते, नको असेल तर बोट परत कडेला नेऊन सोडून द्यायचं. बाबांना मोठ्या कौतुकाने करून दाखवलं. म्हणाले छान आहे, आणि खालचं बटण दाबलं.