रवळनाथाच्या देवळाचे लाकडी खांब

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. रवळनाथाच्या देवळाचा गाभारा दगडी, पण पुढचा सभामंडप सगळा लाकडी. बारा खांब, त्यांच्या माथ्याला तुळई पेलणारे कोरीव हस्त, तुळया आणि वर मंगळुरी कौलं. दोन पावसाळ्यांमागं एक खांब कलला आणि देवस्की पंच कमिटीत एकच सूर लागला, पाडूया, स्लॅब टाकूया. स्लॅबला वर्गणीही पटापट जमते, भिंतीवर देणगीदारांची फरशी लागते ना!

मी आठ दिवस मागून घेतले. गावचे म्हातारे सुतारकाका पेचकस घेऊन खांब टोचत फिरले. बुडाशी पेचकस मुठीपर्यंत आत जायचा, हातभर वर टोकसुद्धा रुतेना. काका म्हणाले, "खांब चांगला हाय गा, पाय कुजलाय."

दोष आमचाच होता. खांब मुळात दगडी तळखड्यावर उभे, म्हणजे लाकूड जमिनीला टेकतच नव्हतं. मागं फरशी घालताना आम्ही तळखड्यासकट बुडाला सिमेंट चोपलं. आमच्याच तालुक्यातल्या कणकुंबीकडचा मुसळधार पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. ओल आत मुरली, सिमेंटमुळं तिला बाहेर पडायला वाट राहिली नाही, मागोमाग वाळवी आली. वरून ऑइलपेंटचे थर होतेच.

मदतीचा अर्ज कन्नडात नाही म्हणून दोनदा परत आला. पुतणीनं लिहून दिला तेव्हा घेतला, पैसे मात्र आजतागायत नाहीत. शेवटी खांब दुरुस्तच करायचे का, म्हणून गुरवाकडून देवाला कौल लावून घेतला. उजवा पडला आणि स्लॅबवाले गप्प झाले. वर्गणी सुरू झाली.

लाकूड नवं घेतलं नाही. शेजारच्या गावात जुनं घर पाडत होते, तिथली फणसाची तुळई मिळाली. मुरलेलं लाकूड, आणि झाड तोडायच्या परवानगीची भानगड नाही. आधी कुजक्या खांबाच्या खणाची, म्हणजे खांबांमधल्या गाळ्याची, कौलं उतरवली, दोन्ही बाजूंनी टेकू दिले, लॉरीचा जॅक लावून खांबावरची तुळई बोटभर उचलली. तेवढ्यात वर कुठंतरी लाकूड करकरलं आणि आम्ही सगळे बाहेर पळालो. काका आतच, बिडी ओढत. कुजका भाग कापून त्या जागी फणसाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडला, लाकडी खुंट्या ठोकल्या, बुडाला काजूच्या टरफलांचं तेल पाजलं. असे पाच खांब झाले. सिमेंट फोडताना हात सोलले ते वेगळंच.

यंदा पहिल्या मोठ्या पावसात रात्री बॅटरी घेऊन गेलो. बुडं कोरडी होती. एक कौल तेवढं गळत होतं, नेमकं घंटेवर.