काका, पोरगी आणि जर्मनीचा हिशोब
आज माझ्या परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीच्या ऑफिसात इस्लामपूरचे एक काका आलेले, सोबत पोरगी, मेकॅनिकल झालीये, मास्टर्सला जर्मनी पाहिजे. बसल्या बसल्या काका, "तिकडं शिक्षण फुकट असतंय म्हणं?" म्हटलं सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्युशन फी नाही हे खरंय, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्या पोरांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि व्हिसासाठी सध्या वर्षाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटला ठेवायचे, तिकडं गेल्यावर महिन्याला ९९२ असे परत मिळतात. काकांनी मोबाईलवर गुणाकार केला, जरा गप्प बसले, मग म्हणाले "म्हणजे पैसं आपलंच की, हप्त्यानं मिळणार." एवढं कळायला इंजिनिअर पोरांना अर्धा तास लागतो राव!

त्यांना आधी कुणीतरी प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं पॅकेज गळ्यात मारत होतं, एपीएस सर्टिफिकेटचं (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) नावच काढलं नव्हतं, आणि ते नसेल तर स्टुडंट व्हिसाचं गाडं पुढं सरकतच नाही. यातली मेख अशी की बऱ्याच प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या कन्सल्टंटला कमिशन देतात, सरकारी छदामही देत नाहीत, त्यामुळे माझ्यासारख्याची कमाई म्हणजे फक्त पोरांची फी. भाड्याची तारीख जवळ आली की त्या कमिशनकडं नजर जाते, जाणारच ना.

पोरीला एपीएसचा फॉर्म भरायला बसवलं, जर्मन भाषेच्या ए१ चा, म्हणजे पहिल्या पायरीचा क्लास लाव म्हटलं. माझी फी सांगितल्यावर काका, "निम्मी आत्ता, निम्मी ऊसाचं बिल आल्यावर." चालतंय म्हटलं. आता कारखान्यानं बिल वेळेत काढावं म्हणजे झालं 😄