काजू बी ते सीलबंद डबा: आमची वाटचाल

वेंगुर्ले-सावंतवाडी पट्ट्यात काजूचे लहान कारखाने गावोगावी आहेत. आमचा त्यातलाच एक. बी येते ती साधारण फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, मिरगाच्या आत ती वाळून गोदामात गेलेली असावी लागते, आणि गर मात्र बारा महिने विकायचा असतो. बॉयलर, कटिंगची यंत्रं, ड्रायर, सोलणी यंत्र, हे सगळ्यांकडे थोड्याफार फरकाने सारखंच असतं. नफातोटा ठरतो तो माल एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर किती वेळात आणि कोणत्या नियमाने सरकतो यावर. मोठ्या कंपन्यांत या विषयाला बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट, थोडक्यात बीपीएम म्हणतात आणि त्यासाठी स्वतंत्र खाती असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राकडून वाण, लागवड, कीड यांबद्दल उत्तम मार्गदर्शन मिळतं. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही झाडं इथे घरोघरी दिसतात. पण कारखान्यातल्या कामाची रांग कशी लावायची, हे शिकण्यासाठी आम्ही लिंक्डइनसारख्या व्यावसायिक नेटवर्ककडे वळलो. त्याचा उपयोग आम्ही कसा करतो, ते नीट मांडावं म्हणून हे लिहिलं आहे.

आमचं ठाम मत असं की या नेटवर्कवर उत्तर मिळतं ते चित्राला आणि आकड्यांना. ‘आमच्याकडे सोलणीला माल अडकतो, काय करावं?’ असं विचारलं तर सॉफ्टवेअर घ्या, कामगारांना प्रोत्साहन द्या, असली उत्तरं येतात. तीच अडचण आराखडा काढून, प्रत्येक टप्प्याची रोजची क्षमता लिहून मांडली की दुसऱ्या टोकाला बसलेला अनुभवी माणूस उलट प्रश्न विचारतो. शिक्षण त्या उलट प्रश्नांत असतं.

आराखड्याची चिन्हं जगभर एकच आहेत, हे आमच्यासारख्यांच्या फार सोयीचं आहे. त्या पद्धतीचं नाव बीपीएमएन, म्हणजे बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन. ती २००४ मध्ये आली, तिची २.० ही आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप (ओएमजी) या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ १९५१० हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. मूळ दस्तऐवज ओएमजीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, पण तो शेकडो पानांचा आहे आणि लहान उद्योगाला सगळा लागत नाही. बारीक रेघेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेघेचं म्हणजे शेवट, गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे वाट फुटते ती जागा, घड्याळाचं वर्तुळ म्हणजे थांबण्याचा वेळ, आणि आडवे पट्टे म्हणजे कोण काय करतं ते. एवढ्यावर आमचा नव्वद टक्के कारखाना कागदावर येतो. चित्र काढायला बीपीएमएन डॉट आयओ ब्राउझरमध्ये विनामूल्य चालतं.

यात घड्याळ सगळ्यात महत्त्वाचं. प्रक्रिया सांगा म्हटलं की कोणीही सांगतो: वाळवणे, आकारवार निवड, वाफवणे, कटिंग, ड्रायर, सोलणी, ग्रेडिंग, पॅकिंग. ही आठ कामं झाली. पण बी खळ्यात दोन-तीन दिवस उन्हात पडून असते, ओलावा आठ-नऊ टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत. वाफवलेली बी टरफल कडक व्हावं म्हणून रात्रभर निवत ठेवावी लागते. ड्रायरमध्ये गर साठ ते सत्तर अंश तापमानाला साधारण सहा ते आठ तास असतो, आणि बाहेर काढल्यावर सोलणीची पाळी येईपर्यंत ट्रेमध्ये थांबतो. यातला शेवटचा थांबा कोणीच सांगत नाही, कारण ते कुणाचंच काम नसतं. चित्रात तिथे घड्याळ काढलं की तो दिसू लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात खरं नुकसान होतं तिथेच: वाळलेली साल हवेतला दमटपणा ओढून घेते, गराला परत चिकटते, सोलताना जोर लावावा लागतो आणि अख्ख्या गराची पाकळी, म्हणजे दोन फाका, होते. उलट, साल सुटावी म्हणून ड्रायरमध्ये जास्त वेळ ठेवलं तर गर ठिसूळ होऊन तुकडा वाढतो. डब्ल्यू ३२० ही अख्ख्या गराची प्रत, म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर. तोच गर पाकळी किंवा तुकडा झाला की भाव एकदम खाली येतो. ऐंशी किलोच्या पोत्यातून वीस ते बावीस किलो गर निघतो, तेव्हा त्यातला अख्खा किती राहिला यावर सगळं गणित.

नेटवर्कवर आम्ही प्रश्न कसा मांडतो त्याचा एक नमुना इथे देतो. आकडे समजण्यापुरते सोपे केले आहेत.

‘अन्नप्रक्रिया, हंगामी कच्चा माल, वर्षभर उत्पादन. कटिंगमधून रोज ४०० किलो गर. ड्रायरची क्षमता ४०० किलो. सोलणीची ३०० किलो. सोलणीसमोर १००० किलो साठलेले. हवेतल्या दमटपणामुळे थांबलेला माल खराब होतो. सोबत आराखडा. दुसरं सोलणी यंत्र सध्या घ्यायचं नाही. कटिंग कमी करणं हा एकच मार्ग आहे का, आणि असल्यास नियम कोणता लावावा?’

यात उद्योगाचं स्वरूप, तीन क्षमता, एक साठा, नुकसानीचं कारण, एक अट आणि एकच प्रश्न आहे. एका पोस्टमध्ये दोन प्रश्न घातले तर लोक सोप्याचं उत्तर देतात आणि अवघड तसाच राहतो.

अशा प्रश्नाला जाणकार पहिल्यांदा लिटलचा नियम लावतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम सांगायला सोपा आहे: सरासरी थांबण्याचा वेळ म्हणजे थांबलेला माल भागिले बाहेर पडण्याचा वेग. १००० भागिले ३००, म्हणजे प्रत्येक गर सोलणीआधी सव्वातीन दिवसांहून जास्त थांबतो. आणि कटिंग ४०० वरच राहिलं तर रांग रोज १०० किलोने वाढत जाते. पुढचं उत्तर व्यवस्थापनावर लिहिणारे एलियाहू गोल्डरॅट यांच्या मर्यादा-सिद्धांतातून येतं: सगळ्यात मंद टप्पा ठरवेल तेवढाच माल आत सोडायचा, त्याच्यासमोर थोडी राखीव रांग ठेवायची, बाकी साठा मागे धरायचा. इथे काजूवाल्याने स्वतःची भर घालायची असते. साठा मागे धरायचा तर तो कुठे? वाळलेली बी टरफलात नीट राखली तर महिनोन् महिने टिकते, सोललेला किंवा अर्धवट वाळलेला गर टिकत नाही. म्हणून जो साठा करायचा तो टरफलाच्या आत करायचा, वाफवायच्या आधी. ड्रायरचे ट्रे मोजून तेवढीच कार्डं ठेवायची, सोलणीने ट्रे रिकामा केला की कार्ड बॉयलरकडे परत, आणि कार्ड हातात नसेल तर नवा घाणा, म्हणजे एका वेळी वाफवायची बी, लावायचा नाही. टोयोटातली कानबान पद्धत हीच, आणि तिला संगणक लागत नाही.

मात्र कागदावर सुटलेला हा प्रश्न कारखान्यात लगेच दुसरा प्रश्न उभा करतो. कटिंगच्या बायकांना मजुरी किलोवर असते. कटिंग ४०० वरून ३०० वर आणलं तर चौथा हिस्सा मजुरी जाते, आणि हा नियम कुणीच मनापासून पाळणार नाही. बँका-विमा कंपन्यांतले बीपीएमचे तज्ज्ञ हा मुद्दा सहसा काढत नाहीत, कारण त्यांच्याकडे मजुरी नगावर नसते. वस्त्रोद्योगातली आणि मासळी प्रक्रियेतली माणसं लगेच काढतात. मार्ग असा: सकाळचं सत्र कटिंग, दुपारचं ग्रेडिंग किंवा सोलणीनंतरची निवड, आणि मजुरी दिवसावर. अदलाबदल तासातासाला करायची नाही, कारण टरफलाच्या तेलाने हात माखलेले असतात. ते तेल कातडी जाळतं आणि गराला लागलं तर डाग पडतो. हात धुणे, हातमोजे आणि ॲप्रन बदलणे यात वेळ जातो, म्हणून अर्ध्या दिवसाची एकच अदलाबदल परवडते. आराखड्यात हे ‘स्वच्छता’ म्हणून स्वतंत्र काम काढावं, नाहीतर वेळेचा हिशेब कधीच जुळत नाही.

यावरूनच नेटवर्कवर माणसं कशी शोधायची ते ठरतं. नुसतं बीपीएम शोधलं तर सल्लागार आणि सॉफ्टवेअर विकणारे पहिले येतात. शोधपट्टीत दोन शब्दांचा गट अवतरणचिन्हांत टाकला की तो तसाच शोधला जातो. ‘कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट’ किंवा ‘ऑपरेशन्स’ अशा पदाबरोबर ‘फूड प्रोसेसिंग’, ‘सीफूड’, ‘ड्राय फ्रूट’ असा गट घातला की कारखान्यात उभी राहणारी माणसं सापडतात. लगेच कनेक्शन मागू नये. आधी फॉलो करावं, काही आठवडे त्यांचं लिखाण वाचावं, एखाद्या पोस्टखाली नेमका प्रश्न विचारावा, मग विनंती पाठवावी. मोफत खात्यात चिठ्ठी जोडून पाठवायच्या विनंत्यांना मर्यादा असते, म्हणून ती चिठ्ठी ज्याचं काम आपल्याशी जुळतं त्याच्यासाठीच राखावी.

कोणाचं ऐकायचं याची आमची कसोटी साधी आहे. ज्याने आकडा विचारला, अपवाद विचारले (वीज गेली तर? बी ओली आली तर? सोलणीचा माणूस गणपतीला गावी गेला तर?), किंवा चित्रातली चूक दाखवली, त्याच्याशी बोलणं वाढवावं. चित्रात सर्रास होणारी एक चूक अशी: वाट फोडताना ‘यापैकी एकच’ असं गुणिले-चिन्ह घालतात आणि वाटा परत जोडताना ‘दोन्ही आल्याशिवाय पुढे नाही’ असं अधिक-चिन्ह घालतात. मग प्रक्रिया तिथे कायमची थांबते, कारण दुसरी वाट कधी येतच नाही. हे न सांगता जो चित्राचं फक्त कौतुक करतो, त्याच्याकडून शिकायला मिळत नाही. आणि जो पहिल्याच निरोपात डेमोची वेळ मागतो, त्याला नम्रपणे नकार.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची चर्चा झाली ती एका गोष्टीवर: चित्रात वाहतं ते नेमकं काय? कार्यालयात एक अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहतो. काजूत तसं नाही. पोती मिसळून एक घाणा होतो, घाण्याचे अनेक ट्रे होतात, ट्रे मिसळून ग्रेड होतात, आणि एका डब्यात तीन घाण्यांचा डब्ल्यू २४० असू शकतो. हे सगळं एकाच चित्रात एका रेषेवर काढलं की चित्र खोटं बोलतं. म्हणून तीन स्वतंत्र चौकटी कराव्यात: घाणा, पॅकिंगचा लॉट आणि ग्राहकाची ऑर्डर. त्यांच्यामध्ये तुटक रेषेने निरोप दाखवावा. ‘घाणा अमुक, लॉट तमुकमध्ये गेला’ ही नोंद पॅकिंगच्या वेळीच व्हायला हवी, नंतर ती आठवून लिहिता येत नाही. लेबलवर लॉट क्रमांक कायद्याने लागतोच. त्याच्यामागे घाण्याची नोंद असली तर तक्रार आल्यावर नेमका तेवढाच माल बाजूला काढता येतो, अख्खं गोदाम नाही.

नोंदवहीबद्दल इथेच सांगायला हवं. नोंदींवरून काम प्रत्यक्षात कसं चालतं ते शोधणारी प्रोसेस मायनिंग नावाची शाखा आहे. विल व्हॅन डर आल्स्ट या डच संगणकशास्त्रज्ञांनी ती उभी केली आणि त्यांचा कोर्स २०१४ पासून कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे. नाव भारदस्त असलं तरी किमान गरज तीनच रकान्यांची: घाणा क्रमांक, काम, वेळ. वहीत हे तीन रकाने रोज भरले आणि आठवड्याला एक्सेलमध्ये चढवले की दोन वेळांची वजाबाकी म्हणजे थांबा. वेळ मात्र काम सुरू करताना आणि संपवताना, दोनदा लिहावी. एकदाच लिहिली तर काम किती आणि थांबा किती हे वेगळं काढता येत नाही. दिवसाखेरीला एकदम भरलेली वही निरुपयोगी असते. सगळ्या वेळा गोल आकड्यात दिसल्या, साडेदहा, अकरा, साडेअकरा, की ती मागाहून भरली आहे असं समजावं.

नेटवर्कवर काय टाकायचं नाही, तेही ठरलेलं असावं. बी देणाऱ्या बागायतदारांची नावं, खरेदीचा भाव, व्यापाऱ्यांची नावं, जीएसटी क्रमांक दिसणारा फोटो, कामगारांचे चेहरे, यातलं काही नाही. आकडे त्याच प्रमाणात कमी-जास्त करून द्यावेत. प्रमाण तेच राहिलं तर उत्तर बदलत नाही. आपले खरेदीदारही त्याच नेटवर्कवर असतात आणि साठा किती पडून आहे हे त्यांना कळलं की भाव पाडून मागतात.

उत्तर मिळालं, बदल केला, की निकाल त्याच चर्चेत परत लिहावा, आकड्यासह, उपयोग झाला नसला तरी. बहुतेक लोक हे करत नाहीत आणि म्हणून पुढच्या वेळी त्यांच्या प्रश्नाकडे जाणकार फिरकत नाहीत. निकाल लिहिताना ऋतू सांगायला विसरू नये. एप्रिलमधला पाकळीचा टक्का आणि जुलैमधला टक्का यांची तुलनाच होत नाही. जुलैची तुलना मागच्या जुलैशी करावी.

सध्या आम्ही ऑर्डर ते वसुली हा भाग चित्रात बसवतो आहोत. तिथे यंत्र नाही, पण घड्याळं बरीच आहेत. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या आणि राज्यातल्या राज्यात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही एक अट. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण पंचेचाळीस दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचे असतात. त्यामुळे बिलाच्या चौकोनावर पंचेचाळीस दिवसांचं घड्याळ लावलं आहे आणि त्याच्या आधी, तिसाव्या दिवशी, आठवणीच्या फोनचं दुसरं. तो फोन कोणी करायचा, हिशेब बघणाऱ्याने की विक्री बघणाऱ्याने, यावर नेटवर्कवर दोन तट आहेत. आमच्या आराखड्यात तो चौकोन सध्या विक्रीच्या पट्ट्यात आहे, कारण व्यापाऱ्याशी पुढच्या ऑर्डरचं बोलणं त्याच माणसाचं असतं.